करीच्या दिवशीचे उड्डाण

१५ जानेवारी १९४९, सकाळचे आठ वाजून वीस मिनिटे. नंदुरबारबाहेर, कोरीट गावाच्या रस्त्यालगत, खरिपाची ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या शेतात मी उभी होते. पायाशी बिनतारी संदेश पाठवणारी पेटी होती आणि हातात तिच्या लांब वायरच्या टोकाचे बटण. शेताच्या दुसऱ्या टोकाला माझा थोरला भाऊ पाच फूट पंखांचे, बाल्सा लाकडाचे विमान डोक्यावर धरून वाऱ्याकडे तोंड करून थांबला होता. माझ्या शेजारी वडील होते, आणि ते परीक्षक म्हणून आले होते.

परीक्षा कशाची, ते आधी सांगते. मी पुण्याहून भौतिकशास्त्रात पदवी घेऊन नंदुरबारला परतले होते आणि मुलींच्या शाळेत शिकवत होते. बंगळूरला विमानविद्येचा अभ्यासक्रम असल्याचे मला कळले होते. स्त्रियांना प्रवेश नाही असे माहितीपत्रकात कोठेही लिहिलेले नव्हते. ते मी दोनदा तपासले. अडचण वडिलांची होती. ते जिनिंग कारखान्यात इंजिनाचे मुख्य फिटर. मुलीने इतक्या दूर एकटीने राहावे की नाही, यावर ते दोन महिने हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मग दिवाळीत, माझ्या खोलीच्या भिंतीवर लावलेल्या विमानाच्या नकाशासमोर बराच वेळ उभे राहून ते म्हणाले, "वर जावानं काय कौतिक? जिनमा कापूसबी वर उडस. तू सांगशी तव्हय हाई वळस का, ते दखाड. वळनं तर जाय बंगळूरले."

"आणि नाही वळलं तर, आबा?"

"तर मंग आठेच शाळामा शिकाड. रडानं नही."

अट न्याय्य होती, म्हणून मी ती मान्य केली. अर्जाची मुदत जानेवारीअखेर संपत होती. एवढ्या अवधीत विमान बांधून ते एकदाच उडवता येईल, हेही आम्हा दोघांना ठाऊक होते.

नकाशा एका इंग्रजी मासिकातला होता आणि पूर्ण मापाचा होता. युद्धकाळात लष्कराच्या संदेशविभागात असलेल्या भावाला तो त्याच्या एका जुन्या सोबत्याने पाठवला होता. भाऊ आता रेल्वेच्या तारखात्यात होता. बिनतारी प्रक्षेपणाचा परवाना त्याच्या नावावर होता, त्यामुळे पेटी आणि विमानातला, तिचा संदेश पकडणारा एका व्हॉल्व्हचा ग्राहक त्याने बांधायचा आणि विमान मी, अशी वाटणी झाली. बाल्सा मुंबईहून आला. त्याचा गठ्ठा हातात घेतला तेव्हा टपालवाल्याने रिकामा खोका दिला की काय, अशी मला शंका आली. पण त्या हलकेपणातही एक पट्टी दुसरीसारखी नव्हती. सोनाराकडचा तराजू मागून आणून मी प्रत्येक पट्टी तोलली. जड पट्ट्या पंखाच्या मुख्य दांड्यासाठी ठेवल्या आणि हलक्या शेपटीसाठी, कारण शेपटीतले जास्तीचे वजन भरून काढायला नाकात त्याच्या तिप्पट घालावे लागते.

नकाशा ज्यावर पसरायचा ती फळी अगदी सपाट हवी. घरातला एकही पाट त्या कसोटीला उतरला नाही. एके संध्याकाळी वडिलांनी कारखान्यातून सहा फूट लांब, रंधा मारलेली सागाची फळी आणून माझ्या खोलीत टेकवली.

"हे कशासाठी, आबा?"

"काय म्हाईत. रस्तामा पडेल व्हती," ते म्हणाले आणि हात धुवायला निघून गेले.

फळीवर नकाशा, नकाशावर मेण घासलेला कागद, त्यावर टाचण्यांनी धरलेल्या पट्ट्या, आणि मग एकेक फासळी. पंखाच्या आडव्या छेदाची ती कमानदार फासळी पत्र्याच्या एकाच साच्यावरून कापावी लागते, नाहीतर दोन्ही पंखांची उचल सारखी राहत नाही. माझ्या पहिल्या चार फासळ्या आईने चूल पेटवायला नेल्या. "माले वाटनं, टाकी देल शेत," ती म्हणाली. त्या टाकून द्यायच्याच लायकीच्या होत्या, म्हणून मी नव्या कापायला घेतल्या.

सांगाड्यावर कागद चढवायचे काम आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या पतंगवाल्या चाचांनी केले. त्यांचे घराणे तीन पिढ्या पतंगांत होते. संक्रांत जवळ आलेली, दुकानात उभे राहायला जागा नाही, आणि तशात मी पाच फुटांचा सांगाडा घेऊन गेले. त्यांनी तो दिव्यासमोर धरला.

"बेटा, इतला बांबू वाया घाला. दोन काड्यास्मा पतंग उडी जास."

"याला दोरी नाही, चाचा."

"दोरी नही? मंग परत कसं ई?"

त्या दिवसांत त्यांच्याकडे गुलाबी आणि हिरवा असे दोनच रंग शिल्लक होते. मी एक पंख गुलाबी करून घेतला आणि दुसरा हिरवा. विमान दूर गेल्यावर ते कोणत्या बाजूला कलले आहे हे कळायला त्याचा उपयोगच होणार होता. गुलाबी डावा, हिरवा उजवा.

संक्रांतीला जोडून कारखाना दोन दिवस बंद असे. संक्रांतीचा दिवस तिळगुळात आणि पाहुण्यांत जाणार, म्हणून वडिलांना मोकळा असा दुसरा दिवस आम्ही धरला. तो कर. आईने पहाटेच दारात अडवले. "आज कर शे. आजना दिन कोनी नवं काम काढस का?"

"हे नवं नाही, आई. दिवाळीपासूनचं जुनं काम आहे."

"तुन्हा तोंडले कोन लागी," असे म्हणून तिने विमानाच्या नाकावर हळदीचे बोट टेकवले. त्याचे वजन मी धरले नाही.

आता चूक. ती फक्त आमच्या गावातच होऊ शकते. जमिनीवर वारा मंद असला तरी वर किती आहे हे मला जाणून घ्यायचे होते, म्हणून चाचांना मी पतंग घेऊन शेतात बोलावले होते. त्यांनी तो चढवला, दोर हातात तोलून पाहिला आणि सांगितले की हवा एकसारखी शे, उडव. इथपर्यंत माझे नियोजन योग्य होते. पतंग खाली उतरवा असे मात्र मी सांगितले नाही, आणि संक्रांतीच्या आठवड्यात आकाशात असलेला पतंग नंदुरबारचा माणूस आपणहून कधी उतरवत नाही. त्यांच्या दोराला काच लावलेला मांजा होता. मांज्याशिवायचा दोर त्यांच्या दुकानातच नव्हता.

ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालणारे ते इवलेसे इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झाले. भावाने विमान सोडले. ते थोडे खाली बसले, सावरले आणि चढू लागले. सुकाणूला मी उजवीकडे किंचित कल ठेवला होता, म्हणजे आज्ञा पोहोचली नाही तरी ते सरळ निघून न जाता घिरट्या घालत राहील. पहिली घिरटी डोक्यावरून गेली. रस्त्यावर थांबलेल्या माणसांनी हाका मारल्या. पुरेशी उंची आली की बटण दाबायचे, असे मी ठरवले होते.

दुसऱ्या घिरटीत विमान पतंगाच्या दोराजवळ गेले. चाचांची नजर वर होती. त्यांच्या दृष्टीने एक रंगीत कागदाची वस्तू त्यांच्या पतंगावर चालून येत होती. त्यांचा उजवा हात मागे गेला आणि त्यांनी दोर खसकन ओढला. विमान एकदम वाकडे झाले, त्याने एक गिरकी खाल्ली आणि त्याच्या शेपटीपासून एक चमकती तार सुटून खाली आली.

"काप्यो!" रस्त्यावरची माणसे ओरडली.

"बेटा, मी नही करं," चाचा माझ्याकडे वळून म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मन्हा हातनी करं."

विमान पडले नव्हते. गिरकीतून बाहेर येऊन ते पुन्हा उजवीकडे घिरट्या घेऊ लागले होते. पण प्रत्येक घिरटीबरोबर वारा त्याला नैर्ऋत्येकडे, आमच्यापासून दूर नेत होता. मी बटण दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले. गुलाबी पंख जसा वर होता तसाच राहिला.

खाली पडलेली तार कसली ते मला कळले होते. विमानातल्या ग्राहकाची एरिअल शेपटीच्या टोकापर्यंत ताणून बांधलेली होती; मांज्याने ती मधेच कापली होती आणि शेपटीकडचा तुकडा निसटला होता. पेटीकडून जाणारा संदेश अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतो. आखूड तारेला तो तेवढ्या लांबून ऐकू येत नव्हता. शेताच्या दुसऱ्या टोकाहून भाऊ हात हलवत पळत निघाला होता, पण तो पोहोचेपर्यंत विमान तुरीच्या शेतांपलीकडे गेले असते.

"काय व्हयनं?" वडिलांनी विचारले.

"ऐकू जात नाहीये, आबा. एरिअल तुटली. फार लांब गेलंय."

"म्हणजे पेटी जवळ नेली तर ऐकी?"

"कदाचित. जेवढा तुकडा शिल्लक असेल त्यावर."

पुढचा हिशेब मी मांडणार होते. वडिलांनी तो ऐकला नाही. वाकून त्यांनी ती बॅटऱ्यांनी भरलेली पेटी उचलून खांद्यावर घेतली, तिच्यावरची, संदेश सोडणारी पितळी काठी एका हाताने सरळ धरली आणि धसकटांतून धावत सुटले. वायरचे दुसरे टोक माझ्या हातात होते, म्हणून मलाही धावावेच लागले. पन्नाशी ओलांडलेला, धोतराचा सोगा कमरेला खोचलेला माणूस पेटीतून वर डुलणारी आठ फुटी काठी सांभाळत पुढे आणि त्याच्या मागे बटण धरून मी.

"दाब!" ते न वळता ओरडले.

"दाबतेय!"

"वळनं का?"

"नाही!"

बांध आला. त्यांनी पेटी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली आणि तो ओलांडला. विमान आता आमच्या पुढे, तिरपे वर होते, आणि एका घिरटीचा जवळचा भाग आमच्या दिशेने येत होता. मी थांबले. ते सर्वांत जवळ येईपर्यंत श्वास रोखून बोट बटणावर नुसते ठेवले. मग दाबले.

गुलाबी पंख खाली गेला. विमानाने उजवी घिरटी मोडली आणि ते डावीकडे वळले.

मी बोट उचलले नाही, कारण सोडल्याबरोबर सुकाणू मूळ जागी जाणार होते आणि वडिलांनी पाहिले की नाही, याची मला खात्री नव्हती.

"दखं," ते म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "पन ते वारानंबी वळू शकस. आते उजवं कर."

या यंत्रणेत दर वेळी बटण दाबले की सुकाणू आळीपाळीने डावे, मग उजवे होते. डावे होऊन गेले होते. मी बोट सोडले, विमान क्षणभर सरळ झाले, मी पुन्हा दाबले. हिरवा पंख खाली गेला आणि विमान उजवीकडे फिरून आमच्याकडे तोंड करून आले.

"परत डावं."

"आबा, इंधन संपत आलंय."

"डावं कर, माय!"

मी डावे केले. त्यानंतर इंजिन फुटफुटत थांबले आणि हवेत फक्त कागदाचा बारीक सळसळ आवाज राहिला. शेवटच्या दोन आज्ञांनी मी विमान तुरीच्या शेताकडे आणले. ते शेंड्यांवर अलगद टेकले, थोडे घसरले आणि झाडांवरच अडकून राहिले. पंख शाबूत, नाक शाबूत. एका ठिकाणी हिरवा कागद फाटला होता, तेवढेच. भाऊ आणि त्याच्यामागून चाचाही धावत आमच्यापर्यंत पोहोचले होते. चाचांनी तो फाटका भाग पाहिला आणि इतक्या मोठ्याने सुटकेचा उसासा टाकला की भाऊ हसू लागला.

"अजून विमान कापशात, चाचा?" त्याने विचारले.

"मन्हा बाप! आते चिडीबी दखायनी तर दोर सोडी दिसू."

वडील बांधावर बसले होते. पेटी शेजारी होती आणि खांद्याला तिच्या कडेचा लाल वळ उमटला होता. त्यांनी पागोट्याने तोंड पुसले, तुरीत अडकलेल्या विमानाकडे पाहिले आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तठे बंगळूरले भाकर भेटत नही म्हणतस. भात खातस. तुन्ही मायले सांग, जुवारीनं पीठ बांधी दी."

मी मान हलवली आणि तुरीत शिरले, कारण तेथे कोणाला माझा चेहरा दिसत नव्हता.

विमान सोडवताना ग्राहकाला जोडून राहिलेली तार माझ्या हाताला लागली. बाहेर आल्यावर ती मी वडिलांना दाखवली.

"इतलीसीवर ऐकं?" त्यांनी ती दोन बोटांत धरून पाहिली. "मोज बरं."

भावाने खिशातून पट्टी दिली. मूळ एरिअल अठ्ठावीस इंचांची होती. उरलेली, सरळ करून मोजली: साडेसात इंच.