भिकाजी मिस्त्रीची वीतभर हुशारी

रामनगरात लॉरीची बॉडी बांधावी तर भिकाजी मिस्त्रीनेच, आणि संशय घ्यावा तोही त्यानेच. बारा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने त्याच्याकडून तळाच्या फळीखाली पोकळी ठेवून बॉडी बांधून घेतली. पुढे नाक्यावर त्याच पोकळीत चोरीचे शिसवाचे ओंडके सापडले आणि भिकाजीला दोन दिवस ठाण्याच्या बाकावर बसावे लागले. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. हा गडी पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. "देवळातला देव घंटा चोरील असं वाटतंय ह्यास्नी," असे त्याची बायको इंदुबाई येईल-जाईल त्याला सांगायची.

अशा माणसाकडे जंगलातल्या गुंद गावचा लखू आला. पासष्टीचा, मितभाषी कुणबी. त्याच्या अंगणात एक जुनी नाकवाली लॉरी कित्येक वर्षे पडून होती. इंजिन कधीच भंगारात गेले होते; उरले होते पत्र्याचे नाक आणि मागची सागवानी बॉडी. ती त्याला एका नव्या गाडीच्या चेसीवर चढवायची होती.

"नवी बॉडी घ्या की. हलकी, सस्त्यात," भिकाजी म्हणाला.

"न्हाई. हेच लाकूड पायजे. मागचा फळका रुंद हाय." लखूने खिशातून काथ्याची दोरी काढली. तिला एक गाठ होती. "जमिनीपासनं ह्या गाठीपतोर तळाची फळी आली पायजे. कमी न्हाई, जास्त न्हाई."

भिकाजीने दोरी लावून पाहिली. चेसीवर नेहमीच्या तुळया टाकल्या तर फळी गाठीच्या वीतभर खालीच राहत होती. म्हणजे तुळया उंच घ्यायच्या आणि खाली वीतभर पोकळी सोडायची!

"येवढी उंच कशापायी?"

"घरचं काम हाय," लखू म्हणाला, आणि मान वळवून बाहेर बघत बसला.

झाले! भिकाजीच्या डोक्यात नाक्यावरची शिट्टी वाजली. जंगलातला माणूस, जुने सागवान, खाली पोकळी, आणि विचारले की मान वळवतो. जुन्या लाकडाच्या कागदावर नवे लाकूड बाहेर काढायची ही जुनीच चाल. काम सोडावे तर हा दुसऱ्याकडे जाईल, आणि उद्या सापडला तरी सगळे भिकाजीचेच नाव घेतील, कारण तालुक्यात अशी बॉडी बांधणारा दुसरा कोण? ह्या वयात पुन्हा त्या बाकावर बसायची त्याची छाती नव्हती.

महिनाभर काम चालले. नाक नव्या चेसीला चार बोटे रुंद पडले, ते कापून जोडले. चेसीला भोक न पाडता बॉडी यू-बोल्टने आवळली, मधे रबराच्या पट्ट्या घातल्या. लखू दर मंगळवारी यायचा आणि फक्त फळीकडे बघायचा. भिकाजी त्याच्याकडे बघायचा. दोघांत चहा व्हायचा, बोलणे व्हायचे नाही.

शेवटी भिकाजीने आपली हुशारी केली. तुळया नेहमीच्याच घातल्या, पोकळी ठेवलीच नाही. आणि लखूने विश्वासाने ठेवून दिलेल्या दोरीची गाठ सोडून वीतभर खाली मारली. गाडी न्यायच्या दिवशी लखूने तीच दोरी लावली, फळी गाठीला बरोब्बर लागली. म्हातारा लहान पोरासारखा हसला. भिकाजीही मनात हसला. आपण चोरावर मोर झालो, असे त्याला वाटले.

मालकाच्या दारात पहिला नारळ मिस्त्रीने फोडायचा, ही त्या भागाची रीत. भिकाजी गेला, माल कुठे दडवतात तेही बघायचे होते. लखूच्या मुलाने, गुरुदासने, गाडी उलटी घेत घेत घरापुढच्या उंच जगलीला, म्हणजे ओट्याला, भिडवली. मागचा फळका पाडला. तो ओट्यापेक्षा वीतभर खाली पडला.

ओट्यावर लखूची बायको फुला उभी होती. इस्त्रीचे लुगडे, केसात आबोली, बाजूला कंदांच्या चार टोपल्या. जोयड्याच्या बाजारात तिने तीस वर्षे कंद विकले होते. तीन वर्षांपूर्वी दोन्ही गुडघे आखडले, वाकायचे बंद झाले. उचलून न्यायला पोरगा तयार होता, पण तिने साफ सांगितले होते, "कुणाच्या हातावर बाजारात जायची न्हाई." ओट्यावरून सरळ चालत गाडीत जायचे, आणि बाजारात त्याच रुंद फळक्यावर बसून विकायचे, असा नवरा-बायकोने घाट घातला होता.

तिने भिंत धरून पाय पुढे टाकला. पाय हवेत राहिला. तिने पुन्हा टाकला. मग हळूच मागे घेतला.

"माझीच गाठ चुकली," लखू पुटपुटला. "तीनदा मोजलं व्हतं गे. डोळं गेलं माझं."

भिकाजीच्या हातातला नारळ हातातच राहिला. गप्प बसला असता तर कुणाला कळले नसते. पण म्हातारा दोरी डोळ्यांपाशी धरून स्वतःलाच दोष देत होता, ते त्याला बघवेना.

"तुमची न्हाई चुकली. गाठ म्या सरकवली. मला वाटलं, तुमी चोरीचं लाकूड घालणार."

लखूने दोरी गुंडाळून खिशात घातली.

"इचारायचं व्हतं, मिस्त्री," लखू म्हणाला. "लाज वाटत व्हती, तरी सांगितलं असतं. बायकोसाठी हाय म्हणून."

"सांगितलं असतंत," भिकाजी खाली मान घालून म्हणाला, "तरी म्या खरं मानलं नसतं."

फुलाने केसातली आबोली काढून कंदांच्या टोपलीत ठेवली आणि भिंत धरत ती आत गेली.