गाणं संपल्यावरही चाललेले हात

डॉक्टरांनी माझा व्हिडिओ तीनदा पाहिला, तिसऱ्यांदा आवाज बंद करून. मग मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "ही फिट आहे."

मी चक्क हसलो. फिट म्हणजे माणूस पडतो, तोंडाला फेस येतो, कोणीतरी नाकाला कांदा लावतं, एवढंच मला माहीत. व्हिडिओत तर मी ताठ उभा होतो आणि रहाटणीतल्या गेम पार्लरमधला आजवरचा सगळ्यात मोठा स्कोअर करत होतो. माझी बायको सुनंदा शेजारी बसली होती, ती हसली नाही. तिने तो व्हिडिओ घरी आधीच पाहिला होता आणि तेव्हापासून ती माझ्याशी जरा जपून बोलत होती.

"अशा फिटमध्ये माणूस पडत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तो फक्त तिथे नसतो."

तुमच्या घरातलं कोणी बोलता बोलता मध्येच असं हरवत असेल आणि तुम्ही त्याला विसरभोळा म्हणून सोडून देत असाल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

मी एकोणपन्नास वर्षांचा. मूळचा धाराशिवकडचा, राहायला काळेवाडीत. बावीस वर्षं चाकणच्या एका कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला आहे, आता तिथला इन्चार्ज. आम्ही दुचाकीच्या ब्रेकमधला बोटाच्या पेराएवढा स्टीलचा पीस बनवतो. डाव्या हाताने पीस उचलायचा, उजव्या हातातलं गेज, म्हणजे माप बघायची सळई, त्यात घालायचं. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. बरोबर असेल तर पिवळ्या मार्करचा ठिपका आणि ओकेच्या ट्रेमध्ये. नसेल तर लाल पेटीत. माझ्या ठिपक्यानंतर तो पीस माणसाच्या हातात थांबत नाही, थेट पुढे जातो. या गोष्टीचा मला माज होता असं सुनंदा म्हणते. होता.

गेमकडे मी वळलो तो मोबाईल फुटला म्हणून. रहाटणीत सलीम नावाच्या पोराचं खाली मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, वर एका खोलीत त्याने व्हीआर गेम टाकलेला. स्क्रीन बदलून होईपर्यंत काका वर बसा म्हणाला. बसलो, आणि कॉलेजची पोरं डोळ्यांवर डबा बांधून हवेत हात मारताना बघून मला गंमत वाटली. मग माझ्याही डोळ्यांवर त्याने तो डबा चढवला.

हेडसेट चढवला की खोली उरत नाही. समोर अंधारातून येणारा एक लांब रस्ता, डाव्या हातात लाल काठी, उजव्या हातात निळी. गाण्याच्या ठेक्यावर लाल-निळे ठोकळे अंगावर येतात आणि प्रत्येकावर बाण असतो. ज्या रंगाचा ठोकळा त्या रंगाच्या काठीने, बाणाच्या दिशेने कापायचा. एक चुकला की सलग कापलेल्यांची मोजणी शून्यावर येते. कोणी कोणावर मेहेरबानी करत नाही, हेच मला आवडलं. कारखान्यात इतका सरळ न्याय मी पाहिला नव्हता.

सात महिन्यांत मी सोप्या पातळीवरून सगळ्यात अवघड पातळीवर गेलो. पोरं खांद्यातून हात फिरवत आणि दोन गाण्यांत दमत. मी मनगटातून मारत होतो, कारण बावीस वर्षं माझं मनगटच काम करत होतं. अंगावर आलेल्या ठोकळ्याकडे बघायचं नाही, त्याच्या मागच्या तिसऱ्याकडे बघायचं. ठेका कानात नाही, गुडघ्यात धरायचा. हात एकमेकांना ओलांडून मारायचे असतील तर आधी डावा खाली न्यायचा. हे मी पोरांना शिकवायला लागलो आणि ती मला उस्ताद म्हणायला लागली. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलो की मी घरी न जाता आधी सलीमकडे जायचो.

मग एक वेगळंच होऊ लागलं. गाणं निम्म्यावर आलं की लिफ्ट सुटावी तसा पोटात गोळा वर यायचा. तापलेल्या रबराचा वास यायचा. आणि ठोकळा दिसायच्या आधीच तो मला माहीत असायचा. कुठून येणार, कोणता रंग, बाण कुठे, सगळं. हे सगळं आपण आधी एकदा जगलो आहोत अशी खात्री वाटायची, आणि ती खात्री फार गोड होती. त्यानंतर गाणं एकदम संपलेलंच असायचं. साडेतीन मिनिटांचं गाणं मला दोन मिनिटांचं वाटायचं. मधलं काही आठवत नसे, पण स्कोअर मात्र त्याच दिवशी सगळ्यात जास्त. मला वाटलं, तंद्री लागणं म्हणतात ते हेच. माझी तंद्री मोडू नका असं मी पोरांना बजावलंही होतं.

सलीमने जाहिरातीसाठी व्हिडिओ काढला नसता तर मी अजून त्याच समजात असतो. त्याने तो लगेच कुठे टाकला नाही. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन दाखवला. "काका, गाणं संपलं होतं हो," तो म्हणाला. "मी हाक मारली, खांद्याला हात लावला. तुम्ही मारतच होता. मला भीती वाटली."

व्हिडिओत टीव्हीवर स्कोअर येऊन थांबलेला दिसतो. सलीमची हाक ऐकू येते. आणि मी उभा आहे, हेडसेटखाली जबडा हळूहळू हलतो आहे, आणि माझे दोन्ही हात रिकाम्या हवेत ठेक्यात फिरताहेत. डावा, उजवा, डावा खाली, उजवा आडवा. एकही हालचाल घाईची नाही. अर्धं मिनिट तसंच चालतं. मग हात खाली येतात आणि मी विचारतो, "संपलं का?" तो माणूस मी होतो हे मला पटायला वेळ लागला.

डॉक्टरांनी सांगितलेलं नाव 'फोकल सीझर'. म्हणजे सगळ्या मेंदूत नाही, एका भागातच विजेचा गोंधळ होतो. माझा भाग 'टेम्पोरल लोब', कानाच्या वरच्या बाजूचा. तिथे आठवणी, वास आणि ओळखीची जाणीव यांचा कारभार असतो, म्हणून तो वास आणि ते 'आधी घडलंय' वाटणं. हात आपोआप चालतात त्याला 'ऑटोमॅटिझम' म्हणतात. फार सवयीचं काम असेल तर माणूस नसतानाही हात ते काही वेळ रेटू शकतात. गेममुळे आजार झाला नाही, तो आधीपासून असणार, असंही त्यांनी स्पष्ट केलं. पण तूर्त गेम बंद, गाडी बंद.

मग म्हणाल्या, "कामावर असं कधी होतं का?"

"नाही," मी म्हणालो. मला माहीतच नव्हतं, तरी 'माहीत नाही' असं म्हणालो नाही. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं आणि मी भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे.

पहिला ईईजी नॉर्मल आला. यात डोक्याला चिकट पेस्ट लावून वीसेक वायरी जोडतात आणि मेंदूतली वीज कागदावर उतरवतात. नॉर्मल आला म्हणजे आजार नाही असं नसतं, तेवढ्या वेळात गोंधळ झाला नाही इतकंच. मी मात्र चिंचवडच्या त्या वेटिंग रूममध्ये पेढे आणायच्या बेतात होतो. झोप कमी करून पुन्हा केलेल्या ईईजीत तो गोंधळ सापडला.

एमआरआयच्या नळीत मशीन ठक ठक ठक आवाज करतं. मी डोळे मिटून पडलो होतो. स्पीकरमधून टेक्निशियन म्हणाला, "काका, हात हलवू नका." मी हलवत नव्हतो. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, "काका, दोन्ही हात." बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, कसे हलत होते? त्याने मनगट फिरवून दाखवलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या हातांची भीती वाटली. घरी जेवताना मी त्यांच्याकडे बघत जेवलो.

एमआरआयमध्ये उजवीकडे छोटा व्रण दिसला. लहानपणी तापात झटके आले होते का, असं डॉक्टरांनी विचारलं. गावी आईला फोन केला तर ती म्हणाली, आले होते की, दोनदा, तुला काय सांगायचं त्यात.

गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू वाढवायच्या होत्या. मी आठ दिवसांनी कामावर गेलो, डोक्यात एकच प्रश्न घेऊन. त्या टेबलावर मी रोज असतो, की फक्त माझे हात असतात? हात नुसतेच ठिपके देत असतील तर ते ब्रेकवर दिलेले होते.

आमच्याकडे लाल पीस म्हणून प्रकार असतो. मुद्दाम वाईट बनवलेला, लाल रंग दिलेला पीस. शिफ्टच्या सुरुवातीला तो चांगल्या मालातून फिरवतात, तपासणारा पकडतो की नाही हे बघायला. इतरांसाठी मीच तो फिरवत आलो. त्या दिवशी मी असे पाच लाल पीस घेतले, माझ्या क्रेटमध्ये खोलवर मिसळले आणि कामाला बसलो. कोणाला काही सांगितलं नाही.

शिफ्ट सुटताना लाल पेटी उपडी केली. त्यात चार निघाले. मी सगळी पेटी पुन्हा चाळली, टेबलाखाली पाहिलं. मग ओकेचे ट्रे उघडले. तिसऱ्या ट्रेमध्ये, शिस्तीत लावलेल्या रांगेत, पाचवा बसला होता. लालभडक. त्याच्या बरोबर मध्यावर पिवळा ठिपका, माझ्याच हाताचा. मी तो कधी उचलला होता, काहीही आठवत नाही. दिवसभर गेजचा आणि मार्करचा आवाज माझ्या कानांत सलग होता, निदान मला तरी तसं वाटत होतं.

तो पीस खिशात घालून गप्प बसता आलं असतं. गोळ्यांनी फिट थांबणारच होत्या. सांगितलं तर बावीस वर्षांचं नाव जाणार आणि पुढे सगळे फिटवाला म्हणणार. बसमध्ये बसेपर्यंत मी गप्पच बसायचं ठरवलं होतं. सुनंदाला सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहो, आपला विकी पण दुचाकीवरच जातो कामाला." विकी आमचा मुलगा. सकाळी मी तो पीस क्वालिटी हेडच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग स्टोअरमधला माझ्या हातचा सगळा माल थांबवला, ग्राहकाकडचाही थांबवायला लावला. पुन्हा तपासताना ठिपका दिलेले तीन खराब पीस सापडले. आधीच्या महिन्यांत काय गेलं हे कोणालाच सांगता येत नाही. पुढे मशीनवर आणखी एक प्रेशर टेस्ट असते, एवढाच आधार. मला काढलं नाही, कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं.

अशा वेळी रिपोर्ट भरतात. त्यात 'कारण' असा रकाना असतो. माझ्या रिपोर्टात साहेबांनी 'वैद्यकीय' लिहिलं आणि मी सही केली. सही करताना मला आठवलं, हा रकाना मी इतरांसाठी कितीदा भरला आहे आणि दर वेळी एकच लिहिलं आहे: ऑपरेटरचे दुर्लक्ष. पाच वर्षांपूर्वी मंगलताई नावाची कंत्राटी बाई त्या दोन शब्दांवर घरी गेली होती. तिच्या टेबलावरून खराब पीस सुटले होते. तिलाही हाच आजार असेल तर? हा विचार डोक्यातून जाईना.

दापोडीत रेल्वेच्या बाजूच्या गल्लीत मी मंगलताईंचं घर शोधून काढलं. आता त्या पोळीभाजीचे डबे करतात. मी दारातच उभ्या उभ्या सगळं सांगितलं, वास, पोटातला गोळा, हात. तुम्हाला असं व्हायचं का, तपासून घ्या, मी येतो बरोबर, असंही म्हणालो.

त्यांनी पिठाचे हात पुसले. "मला फिटबिट काही नव्हती सर," त्या म्हणाल्या. "माझ्या टेबलावरची ट्यूब उडत होती, सारखी चालू-बंद. दिसायचंच नाही धड. तुम्हाला दोनदा सांगितलं मी. दुसऱ्यांदा तर तुमच्या टेबलापाशी येऊन सांगितलं. तुम्ही मान हलवली, हो म्हणालात."

मला आठवेना. मी विचारलं, तेव्हा मी तुमच्याकडे बघत होतो का? कसा बघत होतो?

त्यांनी थोडा विचार केला. "बघत होता की. पण साहेब लोक सगळेच तसं बघतात."

डॉक्टरांना मी नंतर हे विचारलं. पाच वर्षांपूर्वीची ती मान फिटमध्ये हलली की नुसतीच हलली, हे सांगणारी कुठलीही टेस्ट नाही, असं त्या म्हणाल्या. गोळ्या चालू आहेत. गेल्या पाच महिन्यांत एकही झटका दिसलेला नाही. सलीम नसता तर आजार कळला नसता, आणि सुनंदा नसती तर मी तो लपवला असता, या दोघांचं ऋण मोठं आहे. तुमच्या माणसाला असं काही होताना दिसलं तर आधी व्हिडिओ काढा आणि तो डॉक्टरांना दाखवा. त्याला विचारत बसू नका, कारण तो त्या वेळी तिथे नव्हता.

त्या दिवशी मंगलताईंच्या दारात मात्र मला काय करावं सुचेना. माफी मागावी तर कशाची, हेच कळत नव्हतं. शेवटी त्यांनी सांगितलेलं मी त्यांच्याकडे बघत मोठ्याने परत म्हणून दाखवलं. टेबलावरची ट्यूब उडत होती. तुम्ही दोनदा सांगितलंत. मी हो म्हणालो.

"हां," त्या म्हणाल्या. "असंच झालं होतं." आणि राहिलेल्या पोळ्या लाटायला आत गेल्या.