बिनपाण्याची नानखटाई

घुग्घुस सोडलं त्या दिवशी आई सकाळपासून माझ्याशी धड बोलली नाही. मागच्या अंगणात तिनं कोळशाची शेगडी पेटवली होती आणि धूर सरेपर्यंत तिच्यासमोर नुसती बसून होती. घरात गॅस होता, पण नानखटाई शेगडीवरच व्हायची. आमच्या बॅगा दारात उभ्या, नवरा पासपोर्ट पुन्हा पुन्हा चाचपून बघतोय, बाबा नागपूरला नेणारी गाडी आली का म्हणून रस्त्यावर खेपा घालतायत, आणि ही बाई गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, वाळू तापवतेय. मी म्हटलं, "आई, आजच्या दिवस राहू दे ना." ती म्हणाली, "लोकं येतीन तुले पाहाले. त्याईले नुसती चाय देऊ का?"

लोक आले. आमच्या प्लॉटांच्या लेआऊटमधली सगळी ओळ आली. आईनं कपाटातून खाणीच्या साहेबी बंगल्यातून आलेले कप काढले, निळ्या बारीक फुलांचे, सोनेरी काठाचे. कप मोजके आणि माणसं भरपूर, त्यामुळे एकाचा पिऊन झाला की आई तो विसळून दुसऱ्याला भरून द्यायची. शेजारची कमलामावशी फाटकाशी उभी होती. आई कप घेऊन तिच्यापर्यंत गेली आणि म्हणाली, "घ्या ना कमलाबाई, बेबी चालली आज." मावशीनं कप घेतला. मी तिच्या पाया पडले, तिनं एका हातानं मला जवळ घेतलं, दुसऱ्या हातात कप. गाडी निघाल्यावर मी मागच्या काचेतून पाहिलं, तर मावशी तशीच उभी होती आणि कप तसाच भरलेला होता.

पोचल्यावर पहिल्या फोनवर मी विचारलं, मावशी प्यायली का गं शेवटी? आई म्हणाली, "भिंतीवर ठेवला होता तिनं. मुंग्या लागल्या." आणि लगेच तिकडच्या थंडीची चौकशी करू लागली.

ही कमलामावशी कोण, ते सांगायला हवं. बाबा कोळशाच्या खाणीत होते. कॉलनीत आमचं आणि मावशीचं क्वार्टर भिंतीला भिंत लागून. पुढे बाबा आणि मावशीचे यजमान एकाच वर्षी रिटायर झाले आणि प्लॉटही शेजारी शेजारी घेतले, इतका घरोबा. आईला कावीळ झाली तेव्हा मावशीनं आमचे कपडे धुतले, माझ्या वेण्या घातल्या, तिच्या मुलांच्या पंगतीत मला जेवायला वाढलं. शिवरात्रीला दोघी मार्कंड्याच्या जत्रेला जायच्या, ट्रकमध्ये एकमेकींना धरून. आई तिला बहीण म्हणायची, म्हणून मी मावशी म्हणत आले. पण ती आमच्या घरी कधी पाण्याचा घोट प्यायली नाही. चहा पुढे केला की ठरलेलं उत्तर, "आताच घेऊन आली बाई." नाहीतर उपास. कमलामावशीचे उपास मोजले असते तर ती संत व्हायला हवी होती.

कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आमची वस्ती गावात वेगळी असायची, एवढं सांगितलं की कळणाऱ्याला कळतं. आईचं माहेर मूल तालुक्यातलं, धानाचं गाव. तिथे रोवणीला, म्हणजे भातलावणीला, गेलेल्या आमच्या बायांसाठी मालकाच्या घरी एक कप वेगळा असायचा, कान तुटलेला, बाहेरच्या खिडकीत पालथा. पिऊन झाला की आपणच धुवायचा आणि पुन्हा पालथा घालायचा. आई लहानपणी त्या कपातून चहा प्यायली होती. एकदाच तिनं मला ते सांगितलं, आणि पुढे म्हणाली, "चाय चांगली राहे. साखर मस्त टाकत."

म्हणून खाणीचा जुना साहेबी बंगला पाडायच्या आधी तिथलं सामान निघालं, तेव्हा बाबांनी हा चहाचा सेट आणला. हेल्मेटमध्ये गवत घालून, त्यात कप ठेवून, सायकल हातात धरून चालत आले. किटलीच्या चोचीचा टवका उडालेला होता. आईनं त्या दिवशी कपाला हातसुद्धा लावला नाही, नुसती बघत राहिली. मग ठरवलं, की घरी जो येईल त्याला याच कपात चहा. दूधवाला, मीटर बघायला येणारा, भंगारवाला, कुणीही. कॉलनीत हसायचे. बाहेर कोळशाची काळी धूळ आणि सिमेंटची पांढरी धूळ, आणि आमच्याकडे भंगारवाला सोनेरी काठाच्या बशीत चहा ओतून फुरके मारतोय. आईला त्याचं काय सुख होतं, ते तेव्हा मला कळत नव्हतं.

आणि नानखटाई. मोठ्या गंजात नदीची वाळू तापवायची, मध्ये वाटी पालथी घालून तिच्यावर ताटली, वर झाकण, झाकणावर निखारे. ही रीत आईला बंगल्याच्या जुन्या खानसाम्याच्या बायकोनं शिकवली होती. मैदा, साखर, तूप, वेलची. मावशी ती घ्यायची. तिथे खायची नाही, पदरात बांधून घरी न्यायची, पण घ्यायची. "पोराईले होते," म्हणायची. आई तिला मोठ्यातल्या मोठ्या वेचून द्यायची आणि नंतर दिवसभर खुशीत असायची. मला वाटायचं, आईला नानखटाईची हौस आहे.

मग आम्ही इकडे आलो, ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या आतल्या भागात. कोळशाच्या गावातून कोळशाच्याच गावात. नवरा खाणीत इंजिनिअर, तेच लाल डोळे, तीच शिफ्ट. पहिल्या आठवड्यात शेजारची डॉरीन नावाची म्हातारी न बोलावता दार वाजवून आत आली, थेट किचनमध्ये गेली आणि म्हणाली, केटल लाव, चहा पिऊ या. माझ्याकडे दोनच मग होते. तिनं त्यातला मोठा उचलला, सगळा चहा प्यायली, आणखी मागितला, आणि जाताना मग सिंकमध्ये ठेवून गेली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. जिच्याशी माझं नातं ना गोतं, ती दोन कप पिऊन गेली होती.

इकडे दुपारच्या चहाचं मोठं प्रस्थ. मी स्कोन करायला शिकले, लेमन केक शिकले. ऑप शॉपमध्ये, म्हणजे इकडच्या जुन्या सामानाच्या दुकानात, जुने कपबशांचे सेट पडलेले असतात. आजी जाते, घर रिकामं होतं, नातवंडांना डिशवॉशरमध्ये न जाणारी भांडी नको असतात. मी ती आणत गेले. आता माझ्या शनिवारच्या चहाला सात-आठ जणी येतात, टेबलावर विणलेला रुमाल, तीन मजली केक स्टँड, कुणी फोटो काढतं. आईला मी ते व्हिडिओ कॉलवर दाखवायचे. ती फोन डोळ्याजवळ नेऊन एकेक कप बघायची आणि विचारायची, "सगळ्याजणी पेल्या का?" दर वेळी हेच. मी म्हणायचे, हो गं, सगळ्या. "कपात उरली तं नाई?" नाही गं. मग तिचं समाधान व्हायचं.

एकदा तिच्याकडून नानखटाई विचारून घेत होते. पीठ कोरडं पडलं, जुळेना. म्हटलं, जरा पाण्याचा हात लावू का? ती पटकन म्हणाली, "नाई नाई, पाणी नोको लावू." मी म्हटलं, काऊन? इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून तो शब्द आपोआप आला. आईनं फोन तोंडाशी धरला. म्हणाली, "पाणी लागलं तं कमलाबाई घेत नाई ना. कोरडं चालते तिले."

मी ओव्हनसमोर पिठाचे हात तसेच धरून उभी राहिले. आईला शेव येत होती, करंज्या येत होत्या, पण शेजारी द्यायला म्हणून तिनं त्या कधी केल्या नव्हत्या. त्यांच्या पिठाला पाणी लागतं. म्हणजे उन्हाळ्यातसुद्धा ती जी निखाऱ्यांपुढे बसायची ती हौस नव्हती. तिच्या हातचं जे एकुलतं एक कमलामावशीच्या घरात जाऊ शकत होतं, ते ती करत होती. मी चिडले. म्हटलं, कशाला करतेस एवढं, दोन मोजून पदरात नेते आणि घरी गाईला घालत असेल. आई म्हणाली, "नेते तं सही. पेईन कधी न् कधी. घाई कायची हाये?"

तुमच्यापैकी जे तिकडेच राहिले, त्यांना वाटेल, परदेशी बसून ही जुनी खपली काढतेय, आता असं काही राहिलेलं नाही. आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, ते म्हणतील, सुटलो ना त्यातून, मग सोड. दोन्ही खरं आहे. तिकडे हॉटेलात आता कुणी कुणाचा कप बघत नाही. इकडे तर कुणाला कळतही नाही की माझी वस्ती कुठली. पण आई वाट बघत होती, आणि मी लांबून तिचं वाट बघणं बघत होते. यातून कुठल्याच व्हिसावर सुटका होत नाही.

बाबा गेले. पाठोपाठ मावशीचे यजमान गेले, तिची मुलं पुण्याला गेली. दोघी म्हाताऱ्या दोन घरांत एकेकट्या. भिंत मध्ये ठेवून दिवसभर बोलायच्या. मी आईला इकडे ये म्हणून किती विनवलं. ती म्हणायची, "मी आली तं कमलाबाई एकटी पडते." मला खरं कारण माहीत होतं. तिचं काम तिकडे अर्धं राहिलं होतं.

ते अर्धंच राहिलं. एका दुपारी आई न्हाणीजवळ बसली ती उठलीच नाही. मावशीनं भिंतीवरून हाक मारली, ओ आली नाही, तेव्हा त्या वयात ती धावत आली. मी पोचले तोवर माती होऊन गेली होती. घरात कुणी नातेवाईक आडवे झालेले, कुणी मोबाईलवर. दुपारी मावशी आली. ओसरीत नाही थांबली, आत आली, स्वयंपाकघरात पाटावर बसली, आणि म्हणाली, "बेबे, चाय मांड. साखर नोको टाकू, शुगर हाये मले."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी चहा केला, बंगल्याचा कप भरला, कारण दुसरे कप त्या घरात नव्हतेच. तिनं हात पुढे केला. बशीत ओतला, फुंकला, प्यायली. पुन्हा ओतला.  मला आनंद व्हायला हवा होता, किंवा निदान भरून यायला हवं होतं. मला फक्त राग आला. चार दिवस आधी प्यायली असतीस तर तुझं काय जाणार होतं, हे माझ्या ओठांवर होतं. मी तिच्यासमोर उभी राहून ती पिताना बघत राहिले.

रिकामी बशी तिनं खाली ठेवली. म्हणाली, "तुह्या मायच्या तोंडात शेवटचं पाणी मीच टाकलं. माह्या घरचा तांब्या नाई आणला, इथलाच घेतला. मंग तो तांब्या हातात घेऊन बसून राह्यली. मले समजेचना का मी इतके साल काऊन पेली नाई. सासूनं सांगतलं होतं. सासूले मरून किती जमाना झाला."  जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, इथे तर सासू मेली तरी खोड सुनेच्या अंगी राहिली. मग तिनं विचारलं, "तिनं कधी काही म्हणलं का तुह्यापाशी, माह्यावर?" मी म्हटलं, नाही मावशी, कधीच नाही. ते खरं होतं. त्यावर ती जी रडायला लागली, ती बाहेरच्या बायांनी येऊन तिला धरेपर्यंत रडत होती. मी तिला धरलं नाही.

घर मी विकलं नाही. कुलूप लावून किल्ली मावशीकडे ठेवली, दुसऱ्या कुणाकडे ठेवणार? आता दर रविवारी तिचा फोन येतो. कोणीतरी तिला व्हिडिओ कॉल लावून देतं, अर्ध्या वेळा तिचं कपाळच दिसतं. ती सांगते, तुह्या आंगणातला पाला झाडला, टाकीत पाणी भरून ठेवलं, मांजर येऊन व्याली. मी ऐकते. तिला माफ केलं का, असं मला विचारू नका. माफी आईनं करायची होती, आणि आईनं तिला कधी दोषच दिला नव्हता. माझ्यापुरतं सांगायचं तर राग गेलेला नाही.

शनिवारी माझ्या टेबलाशी बायका येतात, पितात, वाहवा करतात. एखादी म्हणते, मी फक्त पाणी घेईन, आणि मला काही म्हणजे काही वाटत नाही. इथे कुणी माझा चहा नाकारू शकतच नाही, कारण त्यांच्या नाकारण्याला माझ्या लेखी वजन नाही. त्या चांगल्या आहेत, डॉरीन तर फार चांगली आहे. पण मला दुखवायची ताकद त्यांच्यातल्या एकीतही नाही, आणि ती कधी येईल असं मला वाटत नाही.

गेल्या महिन्यात मी तिकीट काढलं. नवरा म्हणाला, "आता तिकडे आहे कोण?" प्रश्न बरोबर होता. आई नाही, बाबा नाहीत, कॉलनीतलं आमचं क्वार्टर पडून गेलं. मला बेबी म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय, आणि ते माझ्या आईला जन्मभर ताटकळत ठेवणारं माणूस आहे. फोन ठेवता ठेवता दर रविवारी ते विचारतं, "कधी येऊन राह्यली?" मी नवऱ्याला म्हटलं, कमलामावशी आहे ना.