वहिनीच्या व्हॅनचे ब्रेक

आमची वहिनी सोळा वर्षं शाळेची व्हॅन चालवते. अकरा पोरं, रोज दोन फेऱ्या, आणि आवाज असा की व्हॅनमधली मारामारी एका हाकेत थांबते. दादा, म्हणजे माझा भाऊ, अगदी गरीब गाय. "कशाला वाद घालतेस, देऊन टाक," हे त्याचं ठरलेलं.

त्या शनिवारी व्हॅन गॅरेजमधून आणायची होती. चारही चाकांचे ब्रेक पॅड बदलायचे ठरले होते, अर्धे पैसे आगाऊ दिले होते. मीही सोबत गेले.

"ताई, गाडी एकदम टकाटक," गॅरेजवाल्याने बिल पुढे केलं. "उरलेले द्या आणि न्या."

"जुने पॅड दाखवा."

काढलेला माल बघितल्याशिवाय वहिनी कधीच पैसे देत नाही. तो आत जाऊन खाडखूड करून आला आणि एक पिशवी तिच्या हातात ठेवली. वहिनीने एक पॅड तळहातावर तोलला.

"हा टेम्पोचा आहे. माझ्या चाकात मावेल तरी का?"

तो चपापला. पण चोर तो चोर, वर शिरजोर! "तुम्हाला काय कळतंय त्यातलं? साहेबांना पाठवा."

माझं डोकंच सणकलं. तेवढ्यात वहिनीला दादाचा फोन आला. तिने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. "अगं, सोमवारी फेरी आहे, देऊन टाक ना!"

"सोमवारी फेरी आहे म्हणूनच देत नाही," म्हणत तिने फोन ठेवला आणि व्हॅनचा दरवाजा सरकवला.

"सगळे पैसे आत्ता देते. आधी तुम्ही बसा. मागे, पोरं बसतात तिथे. पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावरून जोरात नेते आणि खाली ब्रेक दाबते."

आत सीटवर कुणाची तरी पाण्याची बाटली राहिली होती. तो त्या बाटलीकडे बघत राहिला.

"चला की! बदललेत ना? मग भीती कसली?"

सगळं गॅरेज हातातलं काम टाकून बघत होतं. त्याने एक पाय आत टाकला आणि परत काढला.

"पुढचेच झालेत," तो पुटपुटला. "मागचे सोमवारी संध्याकाळी..."

"सोमवारी सकाळी आठला यात अकरा पोरं असतात!" वहिनी स्टूल ओढून समोर बसली. "आत्ता, माझ्यासमोर. तोपर्यंत दमडी मिळणार नाही."

दोन तास गेले. मागची दोन्ही चाकं उघडली, नवे पॅड तिने स्वतः हात लावून पाहिले. चाकं बसली, तो हात पुसत बिल घेऊन आला.

वहिनीने पुन्हा दरवाजा सरकवला. "आता बसा."

या वेळी तो बसला.