डावीकडून येणारी माणसं

डिसेंबरात कूलरचे पंप कोणी विकत घेत नाही. लकडगंजमधलं आमचं दुकान दिवाळीनंतर होळीपर्यंत जवळजवळ झोपलेलं असतं आणि मला रिकामं बसणं जमत नाही. म्हणून हिवाळ्यात मी एका दैनिकाच्या पुरवणीत घरगुती वस्तूंबद्दल लिहिते. मिक्सर, गिझर, कुकर, इस्त्री. वस्तू घरी आणायची, काही दिवस वापरायची आणि घ्यावी की घेऊ नये ते सरळ सांगायचं.

माझी एक पद्धत आहे. कोणतीही वस्तू मी एकटी वापरत नाही, नवऱ्यालाही वापरायला लावते. मधल्या काळात त्या वस्तूबद्दल एकमेकांशी बोलायचं नाही, म्हणजे एकाचं मत दुसऱ्याला चिकटत नाही. शेवटी तक्रारी जुळवायच्या. दोघांची तक्रार एक असेल तर तो वस्तूचा दोष, एकाचीच असेल तर तो त्या माणसाचा स्वभाव. याला एकच अपवाद. यंत्र कुठे चुकतं हे नवऱ्याने सांगितलं तर मी त्यांचा एकट्याचा शब्दही धरते. ते खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये आहेत. काटे आणि दिवे बघण्यात त्यांचा जन्म गेला. पॅनेलवर एखादी गोष्ट दिसली नाही तर ते आधी यंत्रावर संशय घेतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतात.

त्या हिवाळ्यात पुरवणीच्या संपादकाने मला व्हिडिओ गेम दिला. तो माझ्यापेक्षा बराच लहान आहे, मला ताई म्हणतो. मी म्हटलं, हे माझं काम नाही. त्याचं म्हणणं असं की पोरं खेळतात, त्यांची परीक्षणं इंटरनेटवर ढिगाने आहेत, पण हा खेळ घरात येऊ द्यायचा की नाही हे ज्या बाया ठरवतात त्यांच्यासाठी कोणी लिहीत नाही. हे मला पटलं. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तिचं खेळायचं यंत्र टीव्हीखाली तसंच राहिलं होतं. त्यावरची धूळ पुसली आणि सुरुवात केली.

बंदुकीचा खेळ होता. त्यात आपण स्वतः दिसत नाही, दिसतात फक्त आपले दोन हात आणि हातातलं हत्यार. बाकी सगळा प्रदेश मोकळा असतो. ठरलेली वाट नाही, हवं तिकडे जा. कोरड्या टेकड्या, कमरेएवढं पिवळं गवत, बंद पडलेली खाण, ओस पडलेलं गाव. एका टोळीने सगळीकडे चौक्या बसवलेल्या असतात आणि त्या एकेक करून सोडवायच्या असतात. सोडवल्या की नकाशाचा तेवढा तुकडा उजळतो.

खेळ चांगला बनवला होता, हे कबूल केलं पाहिजे. गोळीबाराची भीती वाटत नाही, त्याच्या आधीच्या शांततेची वाटते. गवतात दबून बसायचं. माशा घोंगावतात. दूर कोणीतरी खोकतो. मग कळतं की खोकला जवळ आला आहे. माझे हात कोरडे राहायचे, पण खेळ बंद केल्यावर स्वयंपाकघरात जाताना मी दाराच्या मागे बघून घ्यायची.

दोषही होते. एवढ्या मोठ्या मुलखात कोणी स्वयंपाक करत नाही. गाव ओस, पण चुली मात्र कधी पेटलेल्याच नाहीत अशा स्वच्छ. दहा हत्यारं अंगावर घेऊन माणूस डोंगर चढतो आणि त्याला दम लागत नाही. चार चौक्या सोडवल्या की पाचवी तशीच. आयांसाठी मी मनात लिहून ठेवलं होतं की रक्तापेक्षा वेळ जास्त जातो, काळजी करायची तर त्याची करा.

नवऱ्याची तेव्हा दुपारची पाळी होती. ते सकाळी खेळायचे, मी संध्याकाळी. पद्धतीप्रमाणे बोलणं नव्हतं. मी भाजी चिरत असायची आणि बाहेरून त्यांचा वैताग ऐकू यायचा. एका चौकीजवळ ते पुन्हा पुन्हा मरत होते. त्यांना मरायची सवय नाही. कंट्रोल रूममधला माणूस, प्रत्येक धोक्याची सूचना आधी मिळाली पाहिजे असं त्यांना वाटतं.

शेवटच्या दिवशी आम्ही तक्रारी जुळवल्या. त्यांची मुख्य तक्रार एकच होती.

"हा खेळ बेईमान आहे," ते म्हणाले. "माणसं डावीकडून येतात, आणि येतानी दिसतच नाही. एकदम समोर उभे. गोळी कुठून आली त्याचा काही इशारा नाही."

मला तसं वाटलं नव्हतं. गोळी ज्या बाजूने येते, पडद्याच्या त्या कडेला लाल कमान पेटते, ती मी रोज बघत होते. पण यंत्राच्या बाबतीतला त्यांचा शब्द. मी परीक्षणात लिहिलं की डावीकडून येणारे शत्रू पूर्वसूचना न देता प्रकट होतात, हा बनवणाऱ्यांचा गंभीर दोष आहे. रात्री लेख पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जेवताना सहज म्हणाले, "आणि एवढ्या मोठ्या खेळात नकाशा काहून नाही देला, ते पण लिहायचं होतं तू."

मी वाढता वाढता थांबले. नकाशा होता. खाली, डाव्या कोपऱ्यात, गोल, सतत पडद्यावर. त्याच्याशिवाय मी एक चौकीसुद्धा शोधू शकले नसते. त्यांच्या हातून तो बंद झाला असेल असं वाटून मी टीव्ही लावला, खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. सगळं चालू होतं. मी त्यांना म्हटलं, जेवण झालं की थोडं खेळून दाखवा.

त्यांचं ताट उचलताना मी ते नीट पाहिलं. भाजी, पोळी, वरणभात संपला होता. डावीकडची चटणी, मुळ्याची कोशिंबीर आणि लिंबाची फोड वाढली तशीच होती. काही दिवसांपासून असंच परत येत होतं. मी समजत होते, पित्त झालं आहे, आंबट-तिखट टाळताहेत. मी काही विचारलं नव्हतं आणि त्यांनीही काही सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या दृष्टीने मी हल्ली ताटात चटणी वाढतच नव्हते. हे मला नंतर कळलं.

ते खेळायला बसले. मी सोफ्याच्या मागे उभी राहिले.

तेच गवत, तीच चौकी. पडद्याच्या डाव्या टोकाला एक माणूस उगवला. लाल शर्ट, हातात लांब बंदूक. घाईत नव्हता. तो चालत आला, पडद्याचा पाव भाग ओलांडला, मग आणखी थोडा. मला त्याच्या बुटांचा आवाज येत होता. नवऱ्यालाही येत असावा, कारण ते बंदूक उजवीकडे फिरवून शोधत होते. माणूस मधोमध आला तेव्हा ते दचकले आणि मेले.

"पाहिलं?" ते म्हणाले. "असा येते तो."

मी पुढे गेले, टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, इथे काय आहे. त्यांनी मान वळवली, डोळे बारीक केले.

"नकाशा," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "हे केव्हा आलं?"

माझ्या डोक्यात आमच्या गाडीचा डावा आरसा आला. तो दिवाळीनंतर दोनदा फुटला होता, आणि दोन्ही वेळा त्यांनी घासून गेलेल्या टेम्पोवाल्याला शिव्या दिल्या होत्या. त्याच गाडीने ते रोज कोराडीच्या रस्त्याने खापरखेड्याला जातात. त्या रस्त्यावर राखेचे टँकर आणि कोळशाचे ट्रक असतात. परतताना अंधार आणि थंडीतलं धुकं. डाव्या अंगाने सायकलवर घरी निघालेले मजूर.

मी म्हटलं, आज ड्युटीवर जायचं नाही, डोळे दाखवायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपडे घालायला गेले. चष्म्याचा नंबर बदलला असेल, रविवारी बघू, असं आतून म्हणाले. ड्युटी टाळता येत नाही, हे त्यांचं म्हणणं मात्र खोटं नव्हतं. ते पोचल्याशिवाय सकाळच्या पाळीचा माणूस खुर्ची सोडू शकत नाही. तीसेक वर्षांत त्यांनी कोणाला असं अडकवून ठेवलेलं नव्हतं. फोन करून दुसरा माणूस मागवा, असं मी म्हटलं तर म्हणाले, "टीव्हीतला माणूस नाही दिसला म्हणून सुट्टी घेऊ? लोकं हसतीन मले."

किल्ली त्यांच्या खिशात होती. झटापट करणं मला शोभणारं नव्हतं आणि उपयोगाचंही नव्हतं. समजावून तर मुळीच पटलं नसतं. त्यांना चाचणी लागते.

मी त्यांच्या आधी बाहेर आले. गाडी फाटकाकडे तोंड करून उभी होती. मी तिच्या डाव्या दिव्यापाशी, बॉनेटला लागून उभी राहिले. लपले नाही. अंगावर पिवळा स्वेटर होता, दुपारचं ऊन माझ्यावर होतं. ते आले, दार उघडून बसले, समोर पाहिलं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांची नजर फाटकावर होती, मग उजव्या आरशात गेली. चेहरा अगदी निवांत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण समोर उभी असताना मी त्यांच्यासाठी तिथे नाही, असं कधी झालं नव्हतं.

गाडी सुरू झाली. चाक हललं. मी दोन्ही हात बॉनेटवर आपटले आणि मागे सरकले.

त्यांनी ब्रेक मारला. मान वळवली तेव्हा मी दिसले.

"काय वं! मधात कुठून आली तू?"

"मी इथंच उभी होती. तुम्ही दार उघडलं तेव्हापासून."

"तू तं घरात होती."

"नाही. तुम्हाले मी दिसली नाही."

इंजिन चालू होतं. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी गादी झोडपत होतं. ते माझ्या स्वेटरकडे बघत राहिले, मग मी उभी होते त्या जागेकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांनी वाद घातला नाही. गाडी बंद केली, खाली उतरले आणि किल्ली माझ्या हातात दिली. मग फोन काढून वीज केंद्रात लावला आणि आपल्या जागी कोणाला तरी पाठवा, असं सांगितलं. कारण तब्येत म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंकडे गर्दी नव्हती. त्यांनी आधी पाटी वाचायला लावली. नवऱ्याने शेवटपर्यंत वाचली, फक्त ओळींच्या सुरुवातीला अडखळले. मग त्यांना एका अंधाऱ्या खोलीत, अर्ध्या घुमटासारख्या यंत्रापुढे बसवलं. आत कुठेकुठे बारीक दिवे लागतात. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी पडद्याबाहेर बाकावर बसले. बटणाचा आवाज ऐकू येत होता. टक, टक, टक. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा टक. त्या मधल्या शांततेत आत दिवे लागतच होते, हे मला समजत होतं.

तेवढ्यात संपादकाचा फोन आला. लेख आवडला म्हणाला, विशेषतः डावीकडच्या शत्रूंचा मुद्दा कोणीच लिहिला नव्हता, त्याचंच शीर्षक करू का विचारत होता. मी सांगितलं, ते वाक्य काढून टाक.

"का ताई? दुरुस्ती आली का खेळात?"

"खेळ ठीक आहे," मी म्हटलं. "माणसं येताना दिसतात."

डॉक्टरीण बाईंनी कागद टेबलावर ठेवला. दोन वर्तुळं होती, एकेका डोळ्याचं एकेक. दोन्हींचा डावा अर्धा भाग काळा होता. काळ्या भागाची कड सरळ होती, पट्टी ठेवून आखावी तशी.

"काकाजी, तुमचे डोळे चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "दोन्ही."

ते माझ्याकडे वळले. त्यांच्या तोंडावर हसू होतं. मी डॉक्टरीण बाईंकडे बघत होते आणि त्या हसत नव्हत्या. त्यांनी पुढचं सावकाश सांगितलं. डोळे बघतात, पण बघितलेलं जिथे पोचतं तिथे काहीतरी आहे. डोक्याच्या मागच्या भागात. काय आहे ते फोटो काढल्याशिवाय सांगता येणार नाही. आजच काढा, उद्यावर टाकू नका. गाडी कोण चालवतं, असंही त्यांनी विचारलं. मी चालवते, असं मी सांगितलं. नवऱ्याने दुरुस्त केलं नाही.

स्कॅनचं ठिकाण शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. मी गाडी काढली, ते माझ्या डाव्या बाजूला बसले. संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. त्यांनी रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायला सुरुवात केली. औषधाचं दुकान. साड्यांचं. संत्र्याच्या बर्फीचं. टायरचं. अक्षर लहान असलं तरी वाचत होते, आणि वाचलं की माझ्याकडे बघत होते, मी ऐकलं का ते पाहायला. मी हं म्हणत होते.

सगळी दुकानं रस्त्याच्या पलीकडची होती. ती ते माझ्या पलीकडे, माझ्या खिडकीतून वाचत होते. त्यांच्या स्वतःच्या खिडकीला लागून दुकानांची तेवढीच लांब रांग चालली होती, दिवे लागलेली, माणसांनी भरलेली. तिच्यातलं त्यांनी एकही वाचलं नाही. मी सिग्नलला थांबले. त्यांच्या काचेपाशी एक गजरेवाली येऊन उभी राहिली आणि काचेवर टकटक करू लागली. त्यांनी उजवीकडे पाहिलं.