मास्तरांची पाचवी सीट

टेलरमास्तरांनी माझ्या सायकलच्या दुकानात पाचवी सीट परत आणली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. साठीला रेसिंग सायकल घेतली, रोज वीस किलोमीटर हाणतात, इथवर ठीक. पण रुंद सीट घासते, अरुंद रुतते, मऊ जेल भरलेली घसरते. वर मलाच ऐकवतात, "माप घेतल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला कापडसुद्धा दाखवत नाही."

चूक माझ्या दुकानाची नव्हती, एवढं तरी सिद्ध करायचंच होतं. म्हटलं, "मास्तर, जरा पाठमोरे वळा."

पँट त्यांनी स्वतः शिवलेली. नेमकी बसायच्या जागी चारपदरी शिवण, सुतळीसारखी जाड आणि टणक.

"दुखणं सीटचं नाही, या शिवणीचं आहे," मी म्हणालो. "सायकलवाल्यांची तयार गादीवाली चड्डी मिळते, ती घाला."

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "चाळीस वर्षांत माझ्या शिवणीबद्दल एकाचीही तक्रार नाही."

"त्यातलं कोणी तासभर सायकलवर बसलं होतं का?"

 हात मागे नेऊन मास्तरांनी शिवण चाचपली, दोन्हीकडून ओढून पाहिली. एक टाकासुद्धा हलला नाही. चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"सहावी दाखव," ते म्हणाले.