बिरदेवची अर्धी राहिलेली गाडी

ज्योतिबा पन्नाशीत मोटरसायकल शिकला, आणि तीही अशी, की निमोण्यातल्या माणसांनी आधी हसावं आणि मग गप्प बसावं. हसावं, कारण तिचं हँडल खांद्याच्या वर गेलेलं, बसायला जुन्या ट्रॅक्टरची लोखंडी सीट, मागचा मडगार्ड कापून आखूड केलेला आणि टाकीची एक बाजू निळी तर दुसरीवर नुसतंच राखाडी प्रायमर. गप्प बसावं, कारण ती कुणाची होती हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बिरदेव हा ज्योतिबाचा एकुलता मुलगा. मेंढरांमागे फिरायचं त्याला कधीच मानवलं नाही, आणि ज्योतिबानंही त्याला कधी ओढून नेलं नाही. दहावीच्या गणितानं हात दाखवल्यावर पोरगा थेट दौंडला बाळासोच्या गॅरेजात जाऊन राहिला. तिथे रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एका रिटायर ड्रायव्हरच्या अंगणात, चिंचेखाली, पंधरा-वीस वर्षं एक जुनी बुलेट गंजत उभी होती. बिरदेव जाता-येता तिच्याकडे बघायचा. वर्षभर बघितल्यावर म्हाताराच म्हणाला, की बघून काय होणार, घेऊन जा. बिरदेवनं ती सांगाड्यापर्यंत खोलली आणि आपल्या डोक्याप्रमाणे परत बांधायला घेतली. पाइप वाकवून हँडल त्यानं केलं, सीट त्यानं आणली, निळा रंगही त्यानंच मारला. दुसऱ्या बाजूला रंग मारायचा तेवढा राहिला. तेवढाच नाही, बरंच राहिलं.

भाद्रपदात त्याला कावीळ झाली आणि ती डोक्यात गेली. आठ दिवसांत सगळं आटोपलं. पुण्याच्या दवाखान्यातून त्याला जीपमधून आणलं, तेव्हा गिताबाई, म्हणजे बिरदेवची आई, त्याचे पाय चोळत बसली. बायकांनी सांगून पाहिलं, धरून पाहिलं, पण ती चोळतच राहिली. ज्योतिबा बाजूला उभा होता. तो रडला नाही. तेव्हाही नाही, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. भावकी म्हणाली, बाप दगड झाला. भावकीला दुसरं येतं काय? खरं म्हणजे ज्योतिबाचं त्यालाच कळत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचली की गाल आपला वाटेनासा होतो, तसं त्याला आख्खं अंग परकं झालं होतं. भाकरी खाल्ली तर खाल्ली, नाही तर नाही. मुलाचं नाव मात्र त्या दिवसापासून त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. बोलायची वेळ आलीच तर तो ‘त्यो’ म्हणायचा.

मेंढरं दोन वर्षांपूर्वीच विकून झाली होती. कॅनॉल आला, ऊस आला आणि चरायला बांधसुद्धा उरला नाही. ज्योतिबा रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर दिवसपाळीचा वॉचमन झाला होता. शेजाऱ्याच्या मोपेडवर मागे बसून जायचा. दिवाळीनंतर शेजाऱ्याची पाळी बदलली आणि मोठाच पेच पडला. कारखाना वीसेक किलोमीटर, सातच्या भोंग्याला गेटवर उभं राहायचं, आणि एसटी पोहोचणार साडेसातनंतर. ठेकेदाराचा नियम साधा होता. महिन्यात तीनदा उशीर झाला की माणूस बदलायचा.

अशात एके दिवशी बाळासो टेम्पोत घालून गाडी घेऊन आला. सोबत बिरदेवची पत्र्याची पेटी होती, आणि पेटीत त्याची काळी घोंगडी. बाळासो चाळिशीचा, पोट सुटलेला, बोलायला फटकळ माणूस, पण त्या दिवशी त्याची नजर जमिनीवरून वर येईना. त्यानं अंगणात उभं राहून सरळ सांगितलं, की गाडी अर्धी आहे. भंगारात घातली तर त्यात थोडी भर टाकून एखादी जुनी मोपेड बघता येईल, ज्योतिबाची सोय होईल. नाहीतर तो ती रोज चालेल अशी करून देऊ शकेल, पण जुना माल आहे, खात्री देता येत नाही.

ज्योतिबाला दोन्ही सारखंच वाटलं. तो काही बोलणार तोच गिताबाई दारातून बोलली. पंधरा दिवसांत तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलंच वाक्य होतं.

“गाडी घरातनं जायची न्हाई.”

मग बाळासो चार रविवार येत राहिला. वायरिंग ओढलं, ब्रेक घट्ट केले, चेन बदलली. ज्योतिबाला त्यानं कोरड्या तळ्याच्या तळात शिकवलं. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, लोकांना हे उलटं वाटायचं. ज्योतिबाला आधीचं सुलटं काही माहीतच नव्हतं, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही. अडलं ते हॉर्नचं. हॉर्न बसेपर्यंत वाटेत कुणी आडवं आलं की तो जन्मभर मेंढरांना घालायचा तशी आरोळी घालायचा, आणि गंमत म्हणजे माणसं मेंढरांपेक्षा लवकर बाजूला व्हायची. रस्त्याच्या अगदी कडेनं, कळप घेऊन चालल्यासारखा तो गाडी चालवी. पोरं मागून ‘डॉन, डॉन’ म्हणून ओरडत. खाकी गणवेश, डोक्याला कानटोपी आणि वर आभाळाला लागलेले दोन हात. ओरडू नये तर काय करावं पोरांनी?

पहिले दहा-बारा दिवस गाडी बरी चालली. मग ती बंद पडू लागली. सकाळी किक मारली की चालू व्हायची, अर्ध्या वाटेपर्यंत नीट जायची आणि मग दम लागल्यासारखी धापा टाकत थांबायची. कधी कॅनॉलच्या पुलावर, कधी कर्ड्याच्या चढावर. ज्योतिबाला मेंढराच्या श्वासावरून दुखणं ओळखायची सवय होती. इंजिनाला कान लावून तो सांगायचा, की हिच्या घशात काहीतरी अडकलंय. आणि ते खरंच निघालं. बाळासोनं कार्बोरेटर उघडून दाखवला, तेव्हा पेट्रोलच्या बारीक भोकात काळा कचरा बसलेला.

तेव्हापासून ज्योतिबा तेही शिकला. रस्त्याच्या कडेला फडकं अंथरायचं, दोन स्क्रू काढायचे, त्या बारीक भोकाचा पितळी जेट बाहेर घ्यायचा, उगवत्या सूर्याकडे धरून भोकातून उजेड दिसतो का बघायचं, फुंकर मारायची, परत बसवायचं. थंडीत बोटं आकडायची, तरी हे करताना त्याला बरं वाटायचं. म्हणजे बरं असं नाही, पण तेवढा वेळ हात काहीतरी करत असायचे आणि डोकं कुठे जायचं नाही.

पण हातांना बरं वाटून भोंगा थांबत नाही. जानेवारीत दोनदा उशीर झाला. गेटवर रातपाळीला रोहिदास असायचा, केंदूरचा तरणा माणूस. ज्योतिबा येईपर्यंत त्याला हलता यायचं नाही. त्यालाही रजिस्टरमध्ये वेळ खरीच लिहावी लागली. आता एकदा, फक्त एकदा उशीर झाला, की संपलं.

गुरुवारी ज्योतिबानं रजा टाकली. सकाळीच तो गाडी घेऊन दौंडला गेला. बाळासोनं टाकी उतरवून धुतली, पेट्रोल गाळायची जाळी बघितली. जाळी स्वच्छ. पेट्रोलही स्वच्छ. त्यानं तो काळा कचरा बोटावर घेऊन चोळला आणि उजेडाकडे धरला.

“आबा, ही लोकर हाय,” तो म्हणाला. “पेट्रोलमधनं न्हाई येत. हवेच्या तोंडातनं आत जाती.”

मग त्यानं ते उघडं तोंड दाखवलं. तिथे हवा गाळायची डबी बसवायची असते. बिरदेवला ती बसवायचीच होती, राहून गेली. बाळासो म्हणाला, की पुढच्या रविवारी डबी बनवून आणतो. पण लोकर येते कुठून, मेंढरं तर विकलीत. बाळासोनं हात टेकले आणि एक गोष्ट सांगून टाकली: यापुढे एकदा जरी उशीर झाला तरी माझं ऐका, ही द्या आणि मोपेड घ्या, नोकरी घालवू नका. ज्योतिबानं मान हलवली. त्याला पटलं होतं.

त्या दिवशी तो दौंडहून अंधार पडल्यावर आला, जेवून पाणी धरायला मळ्यात गेला आणि वीज गेली म्हणून लगेच परतला. एरवी यावेळी तो जेवून आडवा झालेला असायचा, पाठ टेकली की डोळा लागायचा. गाडी मेंढरांच्या जुन्या गोठ्यात उभी असे. तिथे त्याला कंदिलाच्या उजेडात गिताबाई दिसली. बिरदेवची घोंगडी ती गाडीवर पांघरत होती. इंजिनावरून ओढून, दोन्ही बाजूंनी खाली खोचून, कोपरा वळवून. थंडीत नुकत्या जन्मलेल्या कोकराला ती अशीच झाकायची. पहाटे त्याच्या आधी उठून भाकऱ्या थापायच्या अगोदर ती घोंगडी काढून ठेवत असणार, आणि म्हणूनच त्याला कधी दिसली नव्हती.

घोंगडी घरच्या मेंढरांच्या लोकरीची होती. बिरदेव सात वर्षांचा असताना विणून घेतलेली. आता ती जागोजाग विरली होती, हात लावला तरी काळे केस सुटायचे.

“रोज झाकतीस?” त्यानं विचारलं.

गिताबाई दचकली नाही. तिनं घोंगडीवर तळवा ठेवला, खाली इंजिन अजून कोमट होतं.

“त्यो आला तवा गार व्हता,” ती म्हणाली. “किती पाय चोळलं तरी गारच. ही रोज गरम येती. गरम हाय तवर झाकावं वाटतं.”

ज्योतिबाला तिथेच थांबावंसं वाटलं, काही न सांगता. पण सकाळी सात वाजता भोंगा होणार होता. गाडी गेली तर ही बाई काय झाकणार, हेही त्याला दिसत होतं. म्हणून त्यानं जसं आहे तसं सांगितलं. घोंगडीचे केस हवेच्या तोंडातून आत जातात, भोकात बसतात, म्हणून गाडी बंद पडते. अजून एकदा उशीर झाला तर नोकरी जाईल, आणि मग गाडीही ठेवता येणार नाही.

गिताबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग खोचलेले कोपरे एक-एक करून सोडवले, घोंगडी काढली, चार घड्या घातल्या आणि छातीशी धरून घरात गेली. ज्योतिबा तिच्या पाठीकडे बघत राहिला. आपण काहीतरी फार वाईट केलं एवढं त्याला समजत होतं, पण ते त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हतं.

शुक्रवारी आणि शनिवारी गाडी धडपणे गेली आणि आली. रविवारी बाळासो दूध पावडरच्या डब्याची डबी बनवून घेऊन आला. आत जाळी, जाळीत स्पंज. सांगाड्यावर ती बसवायची जागा शोधताना त्याला दोन भोकं सापडली, आधीच पाडून, कानशीनं घासून ठेवलेली. डबीचे स्क्रू त्यात बरोबर बसले. बाळासो उगाचच बराच वेळ स्क्रू आवळत राहिला, आणि मग चहा न घेता निघून गेला.

संध्याकाळी ज्योतिबा गिताबाईला म्हणाला, की आता झाकली तरी चालेल, आता केस आत जात नाहीत. ती चुलीपुढे बसली होती. तिनं नुसतं हूं केलं. गाडी त्या दिवशी उघडीच राहिली.

सोमवारी पहाटे थंडी मरणाची होती. ज्योतिबा गाडी बाहेर काढत होता, तेव्हा ती घोंगडी घेऊन आली. त्याला वाटलं, सीटवर टाकायला आणली. तिनं ती त्याच्या खांद्यावर टाकली, दोन्ही टोकं पुढे ओढून छातीवर गाठ मारली, वर एक पिन लावली.

“अगं, गाडीला आता काय हुत न्हाई,” तो म्हणाला. “झाक की तिला.”

“गाडी गरम येती,” गिताबाई म्हणाली. “तुमी गार येताय. भादव्यापासनं तुमी गारच हाय.”

तो निघाला. कॅनॉलचा पूल आला, गेला. हात सवयीनं सैल झाले, आता थांबणार म्हणून. गाडी थांबली नाही. कर्ड्याचा चढ आला. त्यानं कान लावला. इंजिनाचा श्वास मोकळा होता, एका लयीत, जराही अडखळत नव्हता. चढ सरला. रोज फडकं अंथरायची ती बाभळ मागे पडली. हातांना काही करायचं उरलं नव्हतं. घोंगडीला ग्रीसचा वास येत होता, आणि त्याच्याखाली, अगदी आत, दुसरा एक वास होता. तो ज्योतिबानं ओळखला. गाडी चालतच राहिली.

गेटवर तो पोहोचला तेव्हा सातला वीस मिनिटं कमी होती. रोहिदास शेकोटीपाशी हात शेकत बसला होता. त्यानं घड्याळ बघितलं, मग गाडीकडे बघितलं.

“आज कुठं बंद न्हाई पडली व्हय, आबा?”

“न्हाई,” ज्योतिबा म्हणाला. “आता न्हाई पडायची. बिरदेवनं चांगली बांधलीया.”

नाव तोंडातून गेलं. वॉचमनच्या स्टुलावर तो बसला, घोंगडीचं टोक तोंडावर धरलं आणि चार महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. आवाज मोठा होता. आतल्या शेडमधून कुणीतरी डोकावून गेलं. रोहिदास शेजारी उभा राहिला, पाळी संपली तरी घरी गेला नाही, आणि सातच्या भोंग्याला पहिला ट्रक आला तेव्हा ज्योतिबाचं गेट त्यानंच उघडलं.